लेकीला समुद्राच्या कॅम्पला पाठवू का? राहतो इंदूरला, आणि तिला पोहता येत नाही

पत्र थोडक्यात असं आहे: "माझी मुलगी सातवीत आहे. शाळेने दिवाळीच्या सुट्टीत कोकणात सहा दिवसांचा कॅम्प ठेवलाय, शिडाच्या होड्या चालवायच्या आणि समुद्रातले जीव बघायचे. फी पंचवीस हजार. मुलगी दुसरं काही बोलतच नाही. तिला पोहता येत नाही, पण कॅम्पवाले म्हणाले गरज नाही, लाईफ जॅकेट देतो. मिस्टर म्हणतात इंदूरच्या मुलीला समुद्राचं काय करायचंय, त्यापेक्षा फाउंडेशन कोर्सला पैसे भरू. सासूबाई मूळच्या वडोद्याच्या, हरणी तलावाचं झाल्यापासून त्या बोटीचं नाव काढू देत नाहीत. आम्ही भाऊबीजेला दरवर्षी माझ्या भावाकडे मुंबईला जातो, यंदा कॅम्प त्याच दिवसांत आहे. पंधरा दिवसांत शाळेला कळवायचंय. काय करू?" (एक आई, राजेंद्रनगर, इंदूर)

ताई, तारीख जवळ आहे म्हणून उत्तर आधी सांगते. या दिवाळीत कॅम्पला नको, पुढच्या वर्षी पाठवा, आणि मधलं वर्ष रिकामं जाऊ देऊ नका. नुसतं नाही म्हणून विषय बंद केलात तर पोरीचं मन मोडेल, आणि नुसतं हो म्हणालात तर न पोहणारं मूल समुद्रात उतरेल, आणि हे दुसरं मला अजिबात मान्य नाही.

सासूबाईंपासून सुरू करते, कारण घरात सगळ्यात बरोबर भीती त्यांची आहे. हरणीला १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ज्या बाईंचं माहेर त्या गावात आहे त्यांना "काही होत नाही हो आई" म्हणायचं नाही, कृपा करून. त्यांच्याजवळ बसा आणि तिथे काय चुकलं ते नीट बोला. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हती. म्हणजे त्या दिवशी मुलं पाण्यावर काही शिकायला गेली नव्हती, ती फक्त बसलेली होती, आणि त्यांचा जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात होता. चांगल्या सेलिंग शिक्षणात याच्या अगदी उलट असतं, मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की होडी उलटणारच आहे, तेव्हा तू काय करशील. मुद्दाम उलटवतात होडी. मूल पाण्यात पडतं, होडीला धरून राहतं, फिरून खालच्या बाजूला जातं, होडीच्या पोटातून जी फळी खाली निघालेली असते, डॅगरबोर्ड म्हणतात तिला, तिच्यावर वजन टाकतं आणि होडी सरळ करतं, मग आत चढून बादलीने पाणी उपसतं. हे दहादा केलेलं मूल आणि फक्त सीटवर बसलेलं मूल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सासूबाईंना मला वाटतं हा फरक कळेल, त्यांना कोणी सांगितलेला नाही इतकंच.

आता ते "पोहता येण्याची गरज नाही" याच्याबद्दल. हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. लाईफ जॅकेट वर तरंगत ठेवतं हे खरं, पण घाबरणं थांबवत नाही. ज्या मुलाच्या नाकातोंडात कधी पाणी गेलेलं नाही ते पहिल्यांदा पडलं की श्वास कोंडतो, हातपाय झाडतं, शेजारच्याला मिठी मारतं, आणि शीड डोक्यावर पडलं तर त्याच्याखालून शांतपणे बाहेर सरकायचं असतं हे त्याला सुचूच शकत नाही. माझा मापदंड साधा आहे: न थांबता ५० मीटर पोहता आलं पाहिजे, आणि अंगातल्या कपड्यांसकट खोल पाण्यात पाच मिनिटं तरंगता आलं पाहिजे. तेवढं आलं की मग लाईफ जॅकेट खऱ्या अर्थाने कामाचं. तेही मापाचं हवं बरं का, मोठ्यांचं जॅकेट दोऱ्या आवळून मुलांना घालतात ते चालत नाही, घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघायचं, जॅकेट हनुवटीच्या वर कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नाही.

आणि पुढच्या वर्षी कॅम्पवाल्यांना जे विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवा. पोहण्याची चाचणी घेता का. किती मुलांमागे एक शिकवणारा, आणि त्या शिकवणाऱ्याने कोणाकडून ट्रेनिंग घेतलंय. मुलं होडीत असताना सेफ्टी बोट पाण्यात असते की धक्क्याला बांधलेली असते (हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, इंजिन चालू असलेली बोट मुलांजवळ पाण्यात हवी). वारा वाढला तर कॅम्प थांबवायचं कोण ठरवतं, आणि त्या दिवशी मुलांना काय शिकवता. जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर. जो माणूस खरोखर शिकवतो तो या प्रश्नांनी खूश होतो आणि तासभर बोलत बसतो. जो चिडेल किंवा "मॅडम टेन्शन घेऊ नका" म्हणेल त्याच्याकडे मुलगी पाठवायची नाही, मग शाळा कितीही चांगली असो.

आता मिस्टर. त्यांचा प्रश्न की इंदूरच्या मुलीचा समुद्राशी काय संबंध. त्यांना सांगा की २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या डिंगी, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीच्या प्रकारात, आयएलसीए ४ नावाच्या होडीवर, भारताला रौप्य पदक मिळवून देणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातली आहे. देवास! आपल्याकडून तासाभराच्या अंतरावर. शेतकऱ्याची मुलगी, तेव्हा १७ वर्षांची, आणि ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. त्याच्या आधी २०१८ ला जकार्तात लेझर ४.७ (त्याच होडीचं जुनं नाव) प्रकारात कांस्य घेणारी हर्षिता तोमर होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची, तीही भोपाळच्याच शाळेची. अहो, आपल्या मध्य प्रदेशाला समुद्राचा एक सेंटिमीटर किनारा नाही, आणि लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांमध्ये आपल्या मुली शिडाच्या होडीत पदक घेऊन आल्या. हे इंदूरच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावंही माहीत नसतात. नौदलाच्या सहा बायका २०१७-१८ मध्ये तारिणी नावाच्या शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारून आल्या, त्यांची कॅप्टन वर्तिका जोशी डोंगराळ उत्तराखंडातली आणि त्यांच्यातली एक कुल्लूची होती, आता बोला.

आणि संबंध म्हणाल तर इंदूरचा समुद्राशी एक सोडून दोन समुद्रांशी आहे. घरात नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, जलूदहून पंपाने वर चढवून आणलेलं, आणि नर्मदा जाते भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला, म्हणजे अरबी समुद्राला. तेच पाणी वापरून झालं की कान्ह नदीत जातं, कान्ह क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि तिथून बंगालच्या उपसागरात. म्हणजे अरबी समुद्राच्या वाटेवरचं पाणी आपण मधेच उचलतो आणि मळवून दुसऱ्या समुद्राला पाठवतो. आपण नाल्यात टाकलेली शाम्पूची पुडी कुठे पोचू शकते हे तुमच्या मुलीला नकाशावर बोट फिरवून काढू दे, मिस्टरांना शेजारी बसवा. आणखी एक, धार जिल्ह्यात बाघच्या आसपासच्या खडकांत शिंपल्यांचे आणि सी अर्चिनचे जीवाश्म सापडतात, कारण डायनासोरांच्या काळात समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात इथपर्यंत आत आलेला होता. एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. बघायचं फक्त, उचलून आणायचं नाही.

फाउंडेशन कोर्सबद्दल मी भांडणार नाही, तो तुमच्या घरचा निर्णय. एवढंच सांगते की वाऱ्याच्या दिशेला होडी जाते हे कोणीही समजेल, पण वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते हे पुस्तकातून कळायला फार कठीण आहे आणि होडीत बसलं की एका दुपारी कळतं. वारा शिडाला बाजूला ढकलतो, पाण्यातला डॅगरबोर्ड होडीला बाजूला सरकू देत नाही, मग ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की जसा पुढे सटकतो तशी ती पुढे सटकते. अगदी नाकासमोर वाऱ्यात जाता येत नाही, साधारण ४५ अंश इकडे, मग ४५ अंश तिकडे, असं नागमोडी जावं लागतं. बळाचे दोन भाग करणं, वेक्टर, कोन, सगळं त्यात आलं, आणि चुकलं तर शीड फडफडून लगेच सांगतं. आणि पुढे करिअरच विचारत असतील तर गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, तिची स्वतःची संशोधन जहाजं आहेत, आणि मच्छीमारांना मासे कुठे मिळतील ते कळवणारी, त्सुनामीचा इशारा देणारी इन्कॉईस ही संस्था तर हैदराबादला आहे. हैदराबादला कुठे समुद्र आहे? पण सातवीच्या मुलीला करिअरच्या बोलीवर समुद्र दाखवू नका, तिला आत्ता जे वेड लागलंय त्याचा हिशोब मांडायला सुरुवात केली की ते पटकन सुकतं.

आता हे वर्ष. पोहणं आजपासून. उघड्या तरणतलावांचं पाणी नोव्हेंबरनंतर गार पडतं आणि बरेच बंद होतात, म्हणून आत्ता जितके आठवडे मिळतायत तितके घ्या, जवळच्या तरणपुष्करात सकाळची बॅच, आणि मग होळीनंतर परत सुरू. ताई, जमलं तर तुम्ही पण बायकांच्या बॅचला नाव घाला, आई पाण्यात उतरलेली दिसली की मुलीची भीती अर्धी होते आणि सासूबाईंनाही वेगळंच बळ येतं.

या दिवाळीत मुंबईला भावाकडे जाताच आहात ना, मग तिचा समुद्र तिथेच सुरू होऊ दे. याला पोहणं लागत नाही, कारण बघायचं ते ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर. आणि इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. कोकणात जुने लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराला. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो, त्याचा हा हिशोब, आणि मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला तो ढोबळमानाने लागू पडतो. आता भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, तर तिच्या सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास! उजाडलेलं असतं, ऊन नसतं, आणि अमावास्या नुकतीच झालेली असल्यामुळे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटलेलं. याच्याहून चांगली वेळ मागून मिळणार नाही. हा हिशोब तुम्ही करू नका, कालनिर्णय तिच्या हातात द्या आणि तिला करू दे, मग तिथल्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून बघा किती फरक पडला. खडकांवर जायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवायची.

मुंबईत मरीन लाईफ ऑफ मुंबई नावाची मंडळी आहेत, २०१७ पासून लोकांना गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू, कार्टर रोड अशा किनाऱ्यांवर ओहोटीला फिरवून जीव दाखवतात. त्यांची फेरी त्या दिवसांत असेल तर तिच्यातच जा, कारण माहितगार माणूस नसेल तर खडक नुसता खडकच दिसतो. माहितगार असला की त्याच डबक्यात फुलासारखा दिसणारा सी अॅनिमोन हा प्राणी दिसतो, शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा दिसतो, खडकाला चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचातले बारीक जीव, दिसतात, आणि मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात चक्क जिवंत प्रवाळ दिसतं. मागून टाचेला धरून ठेवणारे बूट घाला, चपला नकोत, शेवाळ फार घसरडं असतं. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर हात लावायचा नाही, त्यातला काही जातींचा प्राणी विषारी डंख मारतो. निळ्या फुग्यासारखं किंवा जेलीसारखं काही वाळूवर पडलेलं असेल तर मेलेलं दिसलं तरी शिवायचं नाही. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, खालच्या बाजूला घरं असतात त्यांची. प्रवाळ, समुद्री घोडे, सी कुकुंबर यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी काही आणायचं नाही, फोटो काढायचे. आणि पाणी परत फिरायला लागलं की लगेच मागे यायचं, एक मिनिटही "थांब, एवढं बघते" नाही, हे तिच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

घरी परत आल्यावर बऱ्याच गोष्टी करता येतात, सगळ्या सांगत नाही. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला, साधारण समुद्राच्या पाण्याइतकं खारट होतं, त्याला रंग द्या आणि साध्या पाण्याच्या तळाशी हळूच नळीने सोडा, खारट पाणी वेगळा थर धरून खाली बसतं, नदी समुद्राला मिळते तिथेही असंच होतं. आणि पाणी किती नितळ आहे ते मोजणारी सेकी डिस्क बनवा, जुन्या प्लास्टिकच्या झाकणावर चार भाग करून काळा-पांढरा रंग, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी, पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली लिहायची. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तबकडी सोडून मोजायची ही पद्धत काढली आणि आजही समुद्रावर वापरतात. आपला सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आहे, तिथल्या लोकांना विचारून, कठड्यापाशी, तुमच्या देखत, महिन्यातून एकदा तिने माप घ्यायचं आणि वहीत तारीख, वेळ, वारा, ऊन लिहायचं. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात आकडे इतके वेगळे येतील की तिला पुढचे प्रश्न आपोआप पडतील. सहा दिवसांच्या कॅम्पने जे होत नाही ते या वहीने होतं, हे माझं ठाम मत आहे.

मग उन्हाळ्यात भोपाळ. मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट नावाची होडी, १९४७ मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठीच काढलेली, लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड, एकच मूल, आत हवेच्या पिशव्या म्हणून उलटली तरी बुडत नाही. १५ वर्षांपर्यंत चालवता येते, म्हणजे तुमच्या लेकीकडे दोन-तीन वर्षं छान आहेत. भोपाळच्या तलावाकाठी बोट क्लबवर उभं राहून मी त्या मुलांना बघितलंय, एवढ्याशा पोरी एका हातात सुकाणू आणि एका हातात शिडाची दोरी धरून स्वतःचं स्वतः ठरवत असतात आता वळायचं का नंतर, काठावरून कोणी ओरडून सांगत नाही. तलावावर शिकलेलं समुद्रावर वाया जात नाही, लाटा आणि भरतीची ओढ तेवढी नवीन शिकावी लागते. स्पर्धेसाठी मुलं निवड चाचणी घेऊन घेतात, पण शिकाऊ मुलांसाठी उन्हाळ्यात काय आहे, वय किती लागतं, राहायची सोय आहे का, हे जानेवारीतच फोन करून विचारा, मे उजाडेपर्यंत थांबू नका.

शाळेबद्दल एक बोलायचं राहिलं. पंचवीस हजार भरू शकणारी वर्गात किती मुलं असतील? बाकीची त्या सहा दिवसांत घरी बसून फोटो बघणार. तुम्ही पालक सभेत सांगा की आधी सगळ्या वर्गाला पोहणं शिकवा, सिरपूरला न्या, आणि मग ज्यांना जायचंय ते समुद्रावर जाऊ देत. विज्ञानाच्या बाई तयार होतील बघा, त्यांनाच बहुतेक कोणी विचारलेलं नसतं.

मुलीला सांगताना "पुढे बघू" म्हणू नका, तिला ते खोटं वाटेल. तारखा द्या: भाऊबीजेला मुंबईचे खडक, होळीनंतर परत पोहणं, मे मध्ये भोपाळ, पुढच्या दिवाळीत कॅम्प, आणि अट एकच, ५० मीटर. फ्रिजवर लावा कागद, मिस्टरांची सही घ्या त्याच्यावर, पंचवीसातले काही हजार पोहण्याला आणि भोपाळला बाजूला ठेवा. शाळेला लिहा की यंदा येत नाही, पुढच्या वर्षीसाठी नाव धरा, आणि सोबत ते वरचे प्रश्न जोडा, लेखी उत्तर मागा. उत्तर आलं की मला पाठवा, आपण दोघी मिळून वाचू.